अतिदक्षता विभागातील रुग्ण आणि ड जीवनसत्त्वाची कमतरता

अतिदक्षता विभागातून घरी परतलेला रुग्ण बलवर्धनासाठी वैद्यांकडे येतो, तेव्हा त्याच्या कागदपत्रांत ड जीवनसत्त्व कमी असल्याचा अहवाल बहुधा असतोच. त्याचा अर्थ कसा लावावा, याचा विचार प्रस्तुत लेखात करीत आहोत.

सूर्यकिरणांमुळे त्वचेत निर्माण होणाऱ्या ड जीवनसत्त्वाचे यकृतात व नंतर मूत्रपिंडात रूपांतर होते. रक्ततपासणीत सामान्यतः यकृतात तयार झालेले रूप मोजतात. दर मिलिलिटरमध्ये २० नॅनोग्रॅमपेक्षा कमी प्रमाण ही कमतरता समजली जाते. दीर्घ आजार, घरातच राहणे, यकृत-मूत्रपिंडांचे विकार यांमुळे ती आधीपासून असू शकते. तथापि तीव्र दाह आणि शिरेवाटे दिलेले द्रव यांमुळे या जीवनसत्त्वाचे वहन करणारे प्रथिन घटते व मोजमापही खाली येते. म्हणजे हा आकडा काही अंशी आजाराचे कारण नसून त्याचा परिणाम असतो.

मग मोठी मात्रा देऊन रुग्ण वाचतो काय? ऑस्ट्रियात ४९२ रुग्णांवर झालेल्या व २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रुग्णालयातील मुक्काम कमी झाला नाही. केवळ १२ नॅनोग्रॅम वा त्याहून कमी प्रमाण असलेल्या उपगटात मृत्यू कमी आढळले. मात्र २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील मोठ्या चाचणीत ५,४०,००० एककांची एकच मात्रा देऊनही ९० दिवसांतील मृत्यू घटले नाहीत. ते औषध घेतलेल्यांत २३.५ टक्के, तर न घेतलेल्यांत २०.६ टक्के होते. हा फरक संख्याशास्त्रीय दृष्ट्या अर्थपूर्ण नव्हता. तात्पर्य, कमतरता भरून काढावी, पण तिच्यावर प्राणरक्षणाचा भार टाकू नये.

येथे आमचाच एक अनुभव नमूद करणे कर्तव्य समजतो. अशा एका रुग्णास आम्ही प्रवाळ पिष्टी व शंख भस्म देत होतो. पुढे छर्दी, मलावरोध, अतितृष्णा व भ्रम ही लक्षणे दिसू लागली. आम्ही प्रथम अग्निमांद्याचाच विचार केला. चौकशीअंती कळले की, आठवड्यातून एकदा घ्यावयाची ६०,००० एककांची पुडी रुग्ण पाच आठवडे रोज घेत होता, म्हणजे एकूण २१ लाख एकके! रक्तातील कॅल्शियम बरेच वाढले होते. त्यास तत्काळ रुग्णालयात पाठविले व तो बरा झाला. प्रवाळ व शंख हे मुख्यतः कॅल्शियमचेच कल्प आहेत. प्रथम भेटीतच पुड्यांची चौकशी केली असती, तर हा प्रसंग टळला असता.

चरकसंहितेत आतपाची गणना लंघनाच्या दहा प्रकारांत आहे. तिचा अर्थ ओढूनताणून ड जीवनसत्त्वाशी जोडू नये. क्षीण रुग्णास कोवळे ऊन, अभ्यंग व पचेल असा आहार बलानुसार अवश्य योजावा. परंतु सिद्ध झालेल्या कमतरतेवर योग्य मात्रेतील औषध बंद करवू नये.

वैद्यांनी प्रवाळ, मुक्ता, शंख वा कपर्दिक कल्प देण्यापूर्वी चालू औषधे प्रत्यक्ष पाहावीत. मूत्रपिंडाचा विकार, मुतखडा किंवा डिजॉक्सिन चालू असल्यास विशेष सावध राहावे. औषधविक्रेत्यांनी पुडीवर ‘आठवड्यातून एकदा’ असे ठळक मराठीत लिहावे व तोच रुग्ण लवकर परत आल्यास चिठ्ठी मागावी. दोन शब्दांची ही विचारपूस रुग्णाचा पुन्हा रुग्णालयात जाण्याचा प्रसंग टाळू शकते.