मधोमध थांबलेला काटा

इंदापूरहून एका वाचकाने विचारलं आहे: भर उन्हाळ्यात एसी लावून सोलापूर रस्त्याने जातो, भिगवणला गर्दीत अडकतो, तरी इंजिनाच्या तापमानाचा काटा मधोमधच. तो बिघडलाय का?

बिघडलेला नाही. त्याला तिथेच थांबायला सांगितलेलं आहे. कूलंट साधारण ७५ अंशांवर असो की १०५ वर, आजच्या बऱ्याच गाड्यांत काटा हलत नाही. सेन्सर खरा आकडा गाडीच्या कॉम्प्युटरला कळवतो, पण आपल्यापर्यंत तो येत नाही. काटा जरा सरकला की लोक धास्तावून गॅरेज गाठत, म्हणून ही युक्ती. मला ती पटत नाही. काट्याकडे बघायचं ते तो कुठे आहे यापेक्षा कुठे निघालाय यासाठी. चढता काटा दिसला की एसी बंद करता येतो, गाडी वेळेत बाजूला घेता येते.

काटा वाचण्याची विद्या इंदापूर तालुक्याला नवी नाही. वालचंदनगरच्या साखर कारखान्यात बॉयलरवरच्या माणसाची नजर दाबाच्या काट्यावरच असायची. पुढे वालचंदनगर इंडस्ट्रीजच्या धारवाडच्या विभागाने तर अशी दाबमापकंच बनवली. त्या तबकडीमागचा शोध युजीन बूर्दों या फ्रेंच तंत्रज्ञाचा, पेटंट १८४९ चं. वाफेच्या इंजिनासाठी नळी वेटोळी वळवताना ती चपटी झाली. पूर्ववत गोल व्हावी म्हणून त्याने एक तोंड बंद करून आत दाबाने पाणी भरलं, तर वेटोळंच उलगडायला लागलं! जत्रेत फुंकताच सुर्रकन लांब होणारी कागदी पिपाणी आठवा. नळीच्या टोकाला काटा जोडला, झालं दाबमापक. वॅटचं नाव शाळेतल्या पोराला पाठ असतं. ज्याच्या नळीमुळे बॉयलरशेजारी निर्धास्त उभं राहता आलं, त्या बूर्दोंचं कोणी घेत नाही.

जुन्या मोटारींत ऑइलचा दाब दाखवायला हीच नळी असे. आता तिच्या जागी डॅशबोर्डवर दिव्यातली लाल किटली आहे. ती ऑइलची पातळी दाखवते असं अनेकांना वाटतं. ती दाखवते दाब, तोही फक्त आहे की नाही एवढाच. आतला स्विच साधारण अर्ध्या बारच्या खाली दिवा लावतो. गरम इंजिनाला वेगात तीन-चार बार लागतात. दाब एकावर आला तरी बेअरिंगची झीज सुरू होते आणि किटली गप्प असते. म्हणून ती चालत्या गाडीत पेटली तर ‘पुढच्या पंपावर बघू’ म्हणू नका. तिथेच इंजिन बंद करा. पिवळा दिवा गॅरेजपर्यंत सहसा थांबतो, हा थांबत नाही.

आणखी एक फसवणूक. पाईप फुटून कूलंट पूर्ण वाहून गेलं, तर सेन्सर कोरडा पडतो आणि इंजिन भाजत असताना काटा खाली उतरू शकतो. चढावर काटा अचानक थंडाकडे गेला, तरी तितक्याच घाईने थांबा.

नव्या गाड्यांच्या जाहिरातीत हातभर स्क्रीन मिरवतात, आणि त्यावर ऑइलच्या दाबाला बोटभर जागा नसते. सुदैवाने २०१३ नंतरच्या बहुतेक गाड्यांत स्टिअरिंगखाली मेकॅनिक स्कॅनर लावतो तो सॉकेट आहे. त्यात छोटा ब्लूटूथ अडॅप्टर बसवला की निदान कूलंटचा खरा आकडा तरी मोबाइलवर येतो. वाचकमित्रांनी तो लावून पाहावा: मधल्या काट्यामागे ८८, ९४, १०१ असे आकडे सारखे खालीवर होताना दिसतील.