झूमचा आकडा आणि भिंगाचे तोंड

कॅमेऱ्याचे विज्ञान : लेखांक सहावा

पक्षिनिरीक्षणासाठी पहिला कॅमेरा घेऊ पाहणाऱ्यासमोर गेल्या दोन दशकांत मुख्यतः दोन मार्ग राहिले आहेत : नवशिक्यांसाठी बनविलेला, भिंगे बदलता येणारा डीएसएलआर, आणि एकच भिंग कायमचे जडविलेला पण त्या एका भिंगाने फार दूरचे टिपणारा सुपरझूम. पहिला मार्ग सामान्य ग्राहकाच्या आवाक्यात आला तो २००३ मध्ये, कॅननच्या ईओएस ३००डी या कॅमेऱ्याची किंमत अमेरिकेत प्रथमच हजार डॉलरच्या आत ठेवली गेली तेव्हा. दुसऱ्याची कीर्ती पसरली ती विशेषतः २०१५ नंतर, निकॉनच्या कूलपिक्स पी९०० या कॅमेऱ्याने ८३ पट झूम देऊ केला आणि चंद्रावरील विवरे हातात धरलेल्या यंत्राने टिपता येऊ लागली तेव्हा. दुकानात या दोहोंची तुलना झूमच्या पटींवर आणि मेगापिक्सेलच्या संख्येवर होते. निर्णय मात्र ज्याच्यावर अवलंबून असावा तो आकडा खोक्यावर छापलेलाच नसतो, आणि तो साध्या भागाकाराने कोणालाही काढता येतो.

हा आकडा म्हणजे भिंगाच्या प्रवेशछिद्राचा व्यास, म्हणजेच समोरून पाहिले असता भिंगाचे प्रकाश आत घेणारे तोंड जेवढे रुंद दिसते ती रुंदी. भिंगाच्या नाभीय अंतराला एफ-क्रमांकाने भागले की तो मिळतो. येथे नाभीय अंतर खरे घ्यावे लागते, जाहिरातीतले नव्हे. पी९०० या कॅमेऱ्यावर ‘२४ ते २००० मिलिमीटर’ असे सांगितले जाते ते ‘३५ मिमी सममूल्य’ अंतर होय. जुन्या ३५ मिमी फिल्मच्या ३६ × २४ मिमी चौकटीवर तेवढेच दृश्य मिळविण्यासाठी किती लांबीचे भिंग लागले असते, एवढेच तो आकडा सांगतो. त्या कॅमेऱ्यातील भिंगाचे खरे नाभीय अंतर ४.३ ते ३५७ मिमी इतकेच आहे, कारण त्यामागचा सेन्सर, म्हणजे प्रकाशाचे विद्युतसंकेतांत रूपांतर करणारी चकती, सुमारे ६.२ × ४.६ मिमीची आहे. सेन्सर लहान असला की थोड्या लांबीच्या भिंगातही दृश्य फार जवळ आलेले दिसते. सुपरझूमचे सारे रहस्य या एका भौमितिक सोयीत आहे. निकॉनच्या डी३५०० या नवशिक्यांच्या डीएसएलआरचा सेन्सर २३.५ × १५.६ मिमी, म्हणजे क्षेत्रफळाने त्याच्या सुमारे १३ पट आहे.

आता भागाकार करून पाहावा. डी३५०० सोबत मिळणारे १८-५५ मिमीचे किट लेन्स सर्वांत रुंद दृश्यावर १८ मिमी आणि एफ ३.५ असते, म्हणून त्याचे प्रवेशछिद्र ५.१ मिमी भरते. पी९०० चे सर्वांत रुंद दृश्यावरील छिद्र ४.३ भागिले २.८, म्हणजे जेमतेम १.५ मिमी आहे. दृश्याचा आवाका दोहोंत जवळजवळ सारखा, परंतु छिद्राचे क्षेत्रफळ, आणि म्हणून त्याच दृश्याकडून त्याच वेळात आत येणारा प्रकाश, डीएसएलआरमध्ये सुमारे ११ पट. छायाचित्रातील ‘नॉईज’, म्हणजे सावलीच्या भागात दिसणारी रंगीत दाणेदार खळबळ, मुख्यतः गोळा झालेला प्रकाश कमी पडल्यामुळे उद्भवते. म्हणून संध्याकाळचे घाटातील दृश्य, मंदिराचा अंधारा गाभारा किंवा घरगुती समारंभ यांत सुपरझूमचे चित्र लवकर बिघडते. हा फरक कोणत्याही सॉफ्टवेअरने पूर्णपणे भरून निघत नाही, कारण जो प्रकाश आत आलाच नाही त्यातील माहिती नंतर निर्माण करता येत नाही.

एवढ्यावरून बहुतेक मार्गदर्शक ‘मोठा सेन्सर तो चांगला’ असा निकाल देऊन थांबतात, आणि तेथेच ते पक्षिनिरीक्षकावर अन्याय करतात. भिंग पूर्ण ताणल्यावर तोच भागाकार काय सांगतो हे पाहण्याजोगे आहे. डी३५०० साठी हौशी माणूस सामान्यतः घेतो ते ७०-३०० मिमीचे हलके भिंग ३०० मिमीवर एफ ६.३ असते, त्याचे छिद्र ४७.६ मिमी. पी९०० पूर्ण ताणलेला असताना ३५७ भागिले ६.५, म्हणजे ५५ मिमी. लहान सेन्सरच्या, ‘कमी दर्जाच्या’ म्हणून बाजूला सारल्या जाणाऱ्या यंत्राचे तोंड येथे अधिक रुंद आहे, आणि दूरच्या त्याच पक्ष्याकडून तो सुमारे एक तृतीयांश अधिक प्रकाश गोळा करतो. २०१८ मध्ये आलेल्या, ३००० मिमी सममूल्यापर्यंत जाणाऱ्या पी१००० या कॅमेऱ्यात हे छिद्र ६७ मिमीपर्यंत पोहोचते. म्हणजे मोठा सेन्सर रुंद दृश्यावर जिंकतो तो आकारामुळे नव्हे, तर त्या आकाराला साजेसे रुंद छिद्र सोबत येते म्हणून. दूरच्या टोकाला ते छिद्र हौशी भिंगात येत नाही आणि मोठ्या सेन्सरचा बहुतांश भाग निरुपयोगी आकाश टिपत राहतो.

भिगवणजवळ उजनी धरणाच्या पाणफुगवट्यावर हिवाळ्यात येणाऱ्या मोठ्या रोहित पक्ष्याचे उदाहरण घेता येईल. सुमारे १३० सेंटिमीटर उंचीचा रोहित नावेपासून १०० मीटरवर उभा आहे असे मानले, तर डी३५०० वर ३०० मिमी भिंगातून तो चौकटीच्या उंचीचा चौथा हिस्सा व्यापतो आणि त्याच्या वाट्याला उंचीत सुमारे १,००० पिक्सेल येतात. पी९०० मध्ये तोच पक्षी चौकट भरून टाकतो, म्हणजे जवळजवळ ३,४५० पिक्सेल. हे सर्व पिक्सेल खऱ्या तपशिलाचे नसतात. प्रकाश लहान छिद्रातून जाताना पसरतो, या घटनेला विवर्तन म्हणतात, आणि त्यामुळे एखाद्या बिंदूची प्रतिमा बिंदू न राहता एक पुसट चकती होते. हिरव्या प्रकाशासाठी या चकतीचा व्यास एफ-क्रमांकाच्या सुमारे १.३४ पट मायक्रॉन असतो. पी९०० मध्ये एफ ६.५ वर ती ८.७ मायक्रॉनची होते आणि तिच्या व्यासात सहांहून अधिक पिक्सेल मावतात, कारण त्यातील पिक्सेलची रुंदी १.३ मायक्रॉन आहे. डी३५०० चा पिक्सेल ३.९ मायक्रॉनचा असल्याने तेथे तीच चकती दोन पिक्सेलांच्या आसपास राहते. म्हणून सुपरझूमचे चित्र पडद्यावर पूर्ण मोठे करून पाहिले की ते मऊ, किंचित धुतल्यासारखे दिसते, आणि १६ मेगापिक्सेल हा आकडा तेथे फारसा अर्थपूर्ण उरत नाही. तरीसुद्धा डीएसएलआरच्या चौकटीतून क्रॉप केलेल्या, हजार पिक्सेल उंचीच्या रोहितापेक्षा त्यात पिसांचा आणि चोचीचा तपशील अधिक असतो, अर्थात प्रकाश भरपूर असेल आणि पक्षी स्थिर असेल तर. सकाळचे ऊन चढून पाण्यावरची हवा थरथरू लागली की दोन्ही यंत्रांची प्रतिमा सारखीच डगमगते. त्यावर कोणत्याही किमतीचे भिंग इलाज करीत नाही.

या निष्कर्षाला एक महत्त्वाची मर्यादा आहे, आणि ती सिंहगडाच्या पायथ्याच्या झाडीत स्वर्गीय नर्तकाच्या मागे फिरणाऱ्यास तत्काळ जाणवते. तेथे पक्षी दूर नसतो, पंधरा-वीस मीटरवर असतो, परंतु दाट सावलीत आणि क्षणभरच. अशा वेळी सुपरझूम पूर्ण ताणण्याची गरज नसते. ४५० मिमी सममूल्य पुरेसे होते, आणि नेमके तेवढेच दृश्य डी३५०० वरील ३०० मिमी भिंग देते. पी९०० मध्ये ४५० सममूल्य म्हणजे खरे ८० मिमी. त्यावर ४७.६ मिमीचे छिद्र हवे असल्यास भिंग एफ १.७ असावे लागेल, आणि या भिंगाचा सर्वांत उजळ क्रमांक २.८ आहे, तोही फक्त रुंद टोकाला. तो पुढेही टिकतो असे उदारपणे गृहीत धरले तरी डीएसएलआरला अडीच पटींहून अधिक प्रकाश मिळतो. तात्पर्याने सुपरझूमचा लाभ केवळ त्याच्या शेवटच्या टोकाशी आहे. जो निरीक्षक बहुतेक वेळ त्या टोकाशीच घालवील, पाणथळीच्या काठावरून न्याहाळील, लपणगृहातून दूरच्या फांदीवरील घुबडाची ओळख पटवील, त्याने तो निःसंकोच घ्यावा. ओळख पटविण्यासाठी आणि नोंदीसाठी लागणारे छायाचित्र हे त्याचे न्याय्य क्षेत्र आहे. झूमच्या मधल्या पल्ल्यात आणि सावलीत राहणाऱ्याला तो निराश करील.

येथे खिशात मावणाऱ्या सुपरझूमला वेगळे काढणे आवश्यक आहे, कारण दुकानात दोन्ही एकाच नावाने विकले जातात. कॅननचा पॉवरशॉट एसएक्स७४० हा २९९ ग्रॅमचा कॅमेरा ४० पट झूम देतो, परंतु त्याचे छिद्र पूर्ण ताणल्यावर १७२ भागिले ६.९, म्हणजे २५ मिमी भरते. डीएसएलआरच्या हौशी भिंगाच्या तुलनेत येणारा प्रकाश पावपटीच्या थोडासाच वर. प्रवासात सोबत ठेवण्यास तो उत्तम आहे. पक्ष्यांसाठी मुद्दाम घेण्याजोगा नाही.

उडत्या पक्ष्याच्या बाबतीत प्रश्न प्रकाशाचा कमी आणि फोकस करण्याच्या पद्धतीचा अधिक असतो. डीएसएलआरमध्ये भिंगातून आलेला प्रकाश आरशावरून वर नेत्रदर्शीकडे जातो, आणि त्यातील काही भाग अर्धपारदर्शक आरशातून, मागच्या दुसऱ्या लहान आरशावरून, तळाशी बसविलेल्या स्वतंत्र फोकस-सेन्सरवर पडतो. हा सेन्सर भिंगाच्या दोन बाजूंनी आलेल्या किरणांनी बनलेल्या दोन प्रतिमांमधील अंतर मोजतो. त्यावरून भिंग कोणत्या दिशेला आणि किती सरकवावयाचे हे एकाच मोजणीत कळते. याला फेज डिटेक्शन म्हणतात. पी९०० सारख्या यंत्रांत असा सेन्सर नसतो. मुख्य सेन्सरवरील चित्राची छायाप्रकाशातील तीव्रता वाढते की घटते हे पाहत भिंग पुढे-मागे सरकविले जाते, कमाल बिंदू ओलांडला जातो आणि मग परत यावे लागते. ही झाली कॉन्ट्रास्ट डिटेक्शनची पद्धत. फांदीवर बसलेल्या पक्ष्याला ती पुरते, पण पाण्यावर सूर मारणारा नदी सुरय तोवर चौकटीतून निघून गेलेला असतो. त्यातच पी९०० सेकंदाला सात चित्रांच्या वेगाने सातच चित्रे घेऊन थांबतो, तर डी३५०० सेकंदाला पाच चित्रे घेत राहतो. उड्डाणाची छायाचित्रे ज्याला खरोखर हवी आहेत त्याच्यासाठी निवड येथेच संपते. मुख्य सेन्सरवरच फेज डिटेक्शन बसविलेले सुपरझूमही आहेत, उदाहरणार्थ सोनीचा २०१७ मधील आरएक्स१० मालिकेतील चौथा कॅमेरा, ज्याचा सेन्सर १३.२ × ८.८ मिमीचा आणि दूर टोकाचे छिद्र पी९०० इतकेच, ५५ मिमी आहे. परंतु त्याची किंमत नवशिक्यांच्या डीएसएलआरच्या कितीतरी वर जाते, म्हणून तो या तुलनेत बसत नाही.

सुपरझूम वजनाने फार हलका असतो हा समज मात्र तपासून घ्यावा. डी३५०० बॅटरीसह सुमारे ४१५ ग्रॅम, १८-५५ चे भिंग २०५ आणि ७०-३०० चे ४१५, असा सारा संच सुमारे एक किलो होतो. पी९०० एकटाच ८९९ ग्रॅम आणि पी१००० तर १,४१५ ग्रॅम आहे. बॅटरीच्या बाबतीत डीएसएलआर कितीतरी पुढे आहे, कारण त्याचा नेत्रदर्शी आरशावर चालतो, पडद्यावर नव्हे : प्रमाणित चाचणीनुसार डी३५०० एका चार्जवर १,५५० चित्रे घेतो, पी९०० सुमारे ३६०. जंगलातील मुक्कामात, जेथे वीज रात्रीच मिळते, हा फरक झूमच्या आकड्याहून मोठा ठरू शकतो. उलट ताडोबाच्या धुळीच्या रस्त्यावर उघड्या जिप्सीत भिंग बदलणे म्हणजे सेन्सरवर धूळ बसविणे होय, आणि जडविलेल्या भिंगाच्या कॅमेऱ्याला ही भीती बरीच कमी असते.

डीएसएलआरच्या बाजूने सांगितला जाणारा सर्वांत मोठा युक्तिवाद म्हणजे पुढे चांगले भिंग घेता येते हा. तो खरा आहे, पण त्याचा हिशेब आधीच मांडावा. निकॉनचे २००-५०० मिमी, एफ ५.६ हे भिंग ८९ मिमीचे छिद्र देते आणि वर उल्लेखिलेल्या सर्व यंत्रांना मागे टाकते. मात्र ते २.३ किलोचे आहे आणि किंमत कॅमेऱ्याहून अधिक. जो माणूस दोन-तीन वर्षांत असे भिंग घेण्याचा खरोखर विचार करतो, त्याच्यासाठी डीएसएलआर ही पहिली पायरी आहे. ज्याच्या कपाटात किट लेन्सशिवाय दुसरे काही कधीच येणार नाही, त्याने या शक्यतेसाठी पैसे मोजण्यात अर्थ नाही.

शिवाय हा बाजार आता बराचसा जुन्या वस्तूंचा झाला आहे. डी३५०० चे उत्पादन थांबले आहे, आणि निकॉन व कॅनन या दोन्ही मोठ्या कंपन्यांनी आपले लक्ष आरसा नसलेल्या, म्हणजे मिररलेस, कॅमेऱ्यांकडे वळविले आहे. वापरलेला डीएसएलआर त्यामुळे स्वस्त मिळतो, पण घेताना दोन गोष्टी तपासाव्यात. निकॉनच्या डी३००० मालिकेतील कॅमेऱ्यांत फोकसची मोटर नसते, म्हणून ‘एएफ’ किंवा ‘एएफ-डी’ अशी खूण असलेली जुनी भिंगे त्यांवर आपोआप फोकस करीत नाहीत. ‘एएफ-एस’ भिंगेच घ्यावी लागतात, किंवा डी३५०० सारख्या मालिकेतील नंतरच्या कॅमेऱ्यांसाठी ‘एएफ-पी’; मालिकेतील सुरुवातीच्या कॅमेऱ्यांवर ‘एएफ-पी’ भिंगे चालत नाहीत. कॅननच्या ईएफ भिंगांना ही अडचण नाही. दुसरी गोष्ट बुरशीची. कोकणातील आणि मुंबईतील पावसाळी दमट हवेत भिंगाच्या आतील काचांवर बुरशीची जाळी चढते. एका बाजूने टॉर्चचा प्रकाश टाकून दुसऱ्या बाजूने पाहिल्यास ती कोळ्याच्या धाग्यांसारखी दिसते. सुटे भिंग असल्यास ते नाकारता किंवा बदलता येते, जडविलेल्या भिंगात ती शिरली असल्यास सारा कॅमेराच गेला असे समजावे. घरी आल्यावर कोणतेही यंत्र कापडी पिशवीत न ठेवता सिलिका जेलसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावे आणि जेलचा रंग बदलला की ते पुन्हा वाळवावे.

आरसा काढून टाकल्याने फोकसच्या या दोन पद्धतींत काय बदलले, याचा विचार पुढील लेखांकात होईल.