स्मृतिभ्रंश, रुग्णाचे घर आणि आपला विहार

आपल्या विहारात रविवारच्या वंदनेला एक ज्येष्ठ उपासक नियमाने येत असत. आम्ही सारे त्यांना काका म्हणतो. गिरणीतली नोकरी, नामांतराच्या लढ्यात भोगलेला तुरुंगवास आणि पहाडी आवाज. काही वर्षांपूर्वी ते एकच हकीकत एका बैठकीत तीन-तीनदा सांगू लागले. मग वर्गणीचा हिशेब चुकू लागला. एकदा दुसऱ्याच्याच चपला घालून गेले. आम्ही हसलो. कोणी तरी "साठी बुद्धी नाठी" म्हणाले. पुढे त्यांच्या हाती माईक देणे आम्ही बंद केले आणि काही महिन्यांनी त्यांचे येणेही बंद झाले. एका रात्री ते घरापासून तीन स्टेशने दूर सापडले, तेव्हा कुठे आमचे डोळे उघडले. तोवर काकू एकट्याच सारे सोशीत होत्या. ही चूक आमची होती, म्हणूनच या स्मरणिकेत हा विषय घेतला आहे.

स्मृतिभ्रंश, ज्याला डॉक्टर डिमेन्शिया म्हणतात, हा वार्धक्याचा स्वाभाविक भाग नव्हे. मेंदूच्या पेशी हळूहळू निकामी होत जाणाऱ्या अनेक आजारांचे ते एकत्रित नाव आहे. त्यात सर्वाधिक आढळणारा अल्झायमर. जर्मन डॉक्टर अलॉइस अल्झायमर यांनी 1906 साली त्याचे प्रथम वर्णन केले. त्याखालोखाल मेंदूचा रक्तपुरवठा बिघडल्याने होणारा प्रकार येतो. चष्मा कुठे ठेवला हे विसरणे हा आजार नव्हे. पण चष्मा कशासाठी असतो हेच उमगेनासे झाले, रोजची वाट चुकू लागली, भाजीची फोडणी मध्येच विसरली, स्वभाव एकाएकी संशयी झाला, तर डॉक्टरांकडे जावे. थायरॉईडचा बिघाड, ब-12 जीवनसत्त्वाची कमतरता, नैराश्य किंवा काही औषधांचा परिणाम यांमुळेही अशीच लक्षणे दिसतात आणि ती उपचाराने सुधारू शकतात. म्हणून तपासणी न करता "म्हातारचळ" म्हणून सोडून देणे हा रुग्णावर अन्याय होय. अल्झायमर बरा करणारे औषध मात्र आजही नाही.

2023 साली प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी अभ्यासानुसार भारतात साठीपुढील शंभर माणसांत सुमारे सात जणांना, म्हणजे जवळपास 88 लाख लोकांना हा विकार आहे. स्त्रियांत आणि खेड्यांत त्याचे प्रमाण अधिक आढळले. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने 2024 साली टाळता येण्याजोगी 14 कारणे दिली. त्यांत रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, बहिरेपण, एकाकीपणा ही आहेतच. पण लहानपणी न मिळालेले शिक्षणही आहे. आमच्या आई-आजीच्या पिढीला शाळेचा उंबरठा कोणी ओलांडू दिला नाही, त्याची किंमत अशीही मोजावी लागते. (आणखी एक गोष्ट येथेच सांगतो. अक्षरओळख नसलेल्या आजीला तारीख सांगता आली नाही, एवढ्यावरून तिला हा आजार आहे असे ठरवू नये. तिचे रोजचे व्यवहार कसे चालतात ते डॉक्टरांना घरच्यांनी सांगावे.)

विनयपिटकाच्या महावग्गात दोन प्रसंग आहेत. पहिला बहुतेकांना ठाऊक आहे. अतिसाराने आजारी असलेला एक भिक्खू स्वतःच्याच घाणीत पडला होता. भगवान बुद्धांनी आनंदासह त्याला स्वतः धुतले, उचलून खाटेवर निजविले, आणि मग इतर भिक्खूंना विचारले की याची शुश्रूषा कोणी का करीत नाही? उत्तर मिळाले, की हा आमच्या काही उपयोगी पडत नाही. आम्ही काकांचा माईक काढून घेतला, तेव्हा आमचे उत्तर यापेक्षा वेगळे नव्हते. दुसरा प्रसंग गग्ग नावाच्या भिक्खूचा. त्याचे चित्त ठिकाणावर नव्हते. उपोसथ त्याला कधी आठवे, कधी आठवत नसे. कधी तो येई, कधी येत नसे. संघाने त्याला काढून टाकले नाही. त्याच्यासाठी रीतसर ठराव झाला, की तो आला वा न आला, त्याला आठवले वा न आठवले, दोष ना त्याचा, ना संघाचा. गग्गाचा आजार कोणता होता हे आज सांगता येणार नाही, परंतु विसरणाऱ्या माणसाची जागा राखून ठेवणारा ठराव तेव्हा झाला होता.

जपानमध्ये या आजाराचे जुने नाव मूर्खपणा सुचविणारे होते, ते 2004 साली बदलण्यात आले. 2005 पासून तेथे दुकानदार, बँकेतले कर्मचारी, शाळेतली मुले अशा कोणालाही दीड तासाचे प्रशिक्षण देऊन डिमेन्शियाचे साहाय्यक करतात. त्यांची संख्या एक कोटीच्या पुढे गेली आहे. त्यांनी वैद्य व्हावे अशी अपेक्षा नसते. रस्त्यात गोंधळलेला वृद्ध दिसला तर समोरून जाऊन हळू बोलावे, एवढेच.

खरा भार घरच्या एकाच माणसावर पडतो, आणि तो माणूस बहुधा पत्नी, सून किंवा मुलगी असतो. रात्री रुग्ण उठून दार उघडतो, म्हणून तिला झोप नाही. तो तिच्यावरच चोरीचा आळ घेतो. ती चिडून ओरडते आणि मग दिवसभर स्वतःलाच दोष देत बसते. आम्ही उशिरा का होईना काकूंकडे गेलो आणि काय मदत करू, असे विचारले. त्या म्हणाल्या, "पैसे नकोत बाळांनो. तासभर कुणी यांच्यापाशी बसा, मला डोक्यावरून न्हायचंय." पंधरा दिवस त्यांना ते जमले नव्हते.

त्यानंतर आम्ही शिकत गेलो. "मला ओळखलं का?" असे विचारून परीक्षा घेऊ नये, आपणच नाव सांगून जय भीम करावा. रुग्ण वारलेल्या आईला शोधत असेल तर वाद न घालता आईविषयी बोलू द्यावे. शर्टाच्या खिशात पत्ता व फोन नंबराची चिठ्ठी असावी. कोपऱ्यावरचा वाणी, रिक्षावाले आणि वॉचमन यांना कल्पना द्यावी. बँकेचे वारसनाव व मृत्युपत्र आजार वाढण्यापूर्वीच पाहावे. पेन्शनचा हयातीचा दाखला पोस्टमनमार्फत घरीही होतो. सल्ल्यासाठी ज्येष्ठांची 14567 आणि मानसिक आरोग्याची 14416 या सरकारी दूरध्वनी सेवा आहेत. काळजी घेणाऱ्यानेही तेथे स्वतःसाठी बोलावे.

काका आता जमेल त्या रविवारी येतात आणि पहिल्या रांगेत बसतात. नातवाचे नाव त्यांना आठवत नाही, पण त्रिशरण-पंचशील अजून मुखोद्गत आहे. लहानपणापासून घोकलेले असे शब्द बराच काळ टिकतात. मध्येच अडखळले तर शेजारचा विद्यार्थी पुढचा शब्द हळूच म्हणतो. त्यांच्या आणि अशाच आणखी दोन घरी तासभर बसण्यासाठी विहारात एक वही ठेवली आहे. तीत अकरा नावे झाली आहेत. मंगळवार आणि गुरुवारची दुपार अजून रिकामी आहे.