वाफेची परीक्षा

भिलाईची पहिली झोतभट्टी १९५९ साली पेटली. तेथील सेक्टर नऊच्या जवाहरलाल नेहरू रुग्णालयासारख्या मोठ्या रुग्णालयात शस्त्रक्रियेची उपकरणे निर्जंतुक करणारा कर्मचारी रोग्याच्या दृष्टीस सहसा पडत नाही. त्याचे काम पाहून पाहून येत नाही. ते पद्धतशीर शिकवावेच लागते. काही जंतूंचे बीजाणू उकळत्या पाण्यातही तगतात. त्यांना दाबाखालील १२१ अंश सेल्सिअसची वाफ किमान पंधरा मिनिटे लागते. कात्रीच्या सांध्यात रक्त वाळले असेल, तर तीही आत पोहोचत नाही; म्हणून पहिला धडा घासण्याचा. गठ्ठ्यावरील पट्टी काळी पडली म्हणजे उष्णता लागली, एवढेच. बीजाणू मेले का, हे निराळ्या चाचणीने कळते. आणि ओला निघालेला गठ्ठा, शल्यविशारद ताटकळत असले तरी, त्याने परत पाठविलाच पाहिजे. ओल्या कापडातून जंतू आत शिरतात.