पाऊस आला तर पहिली कोण?

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. कुडव्यातल्या आम्ही काही बायकांनी मिळून शाळकरी मुलींची सायकल शर्यत ठेवली होती. मानव विकास कार्यक्रमातून आपल्या जिल्ह्यातल्या कितीतरी पोरींना शाळेत जायला सायकली मिळाल्या. त्यांच्या पायातलं बळ गावानंही बघावं, एवढाच हेतू. तीन किलोमीटर जायचं, तीन किलोमीटर यायचं. सकाळपासून आभाळ भरून आलेलं. पण पाहुणे आले होते, बक्षिसं मांडून झाली होती. आम्ही शिट्टी वाजवली.

परतीच्या वाटेवर पाऊस कोसळला आणि विजा कडाडू लागल्या. सगळ्यांत पुढे असलेली नववीतली मुलगी मागे वळून बघते, तर पाठची मैत्रीण चिखलात घसरून पडलेली. ही थांबली. तिला उठवून जवळच्या घरी घेऊन गेली. तेवढ्यात तिसरी पुढे निघून आली. आम्ही टाळ्या वाजवल्या, पहिलं बक्षीस देऊन टाकलं.

संध्याकाळी ती थांबलेली पोर घरी आली. म्हणाली, "काकू, मी थांबली ते चुकलं का जी?"

माझ्याजवळ उत्तर नव्हतं. चूक तिची नव्हती, जिंकून आलेल्या मुलीचीही नव्हती. चूक आमची होती. पाऊस आला तर काय करायचं, हे आम्ही ठरवलंच नव्हतं.

मग मी जरा वाचू लागले. कळलं की मोठमोठ्या शर्यतींतही हा घोळ झालेला आहे. २०१४ साली इटलीच्या 'जिरो' शर्यतीत स्टेल्विओ घाटात बर्फ पडत होतं. उतारावर लाल झेंडेवाल्या मोटारसायकली पुढे राहतील, असा निरोप गेला. काहींना वाटलं, इथं कुणी कुणाच्या पुढे जायचं नाही. काही मात्र सुसाट निघून गेले. त्यांच्यातल्या नैरो किंतानाने पहिली जागा मिळवली आणि पुढे शर्यतही जिंकली. पण 'आम्ही थांबलो ते मूर्ख ठरलो का?' हा वाद बराच काळ चालला. आमच्या पोरीचाच प्रश्न तो!

त्यानंतर जागतिक सायकल संघटनेने खराब हवामानासाठी नियमावली केली. ती २०१६ पासून लागू झाली. बर्फ, सोसाट्याचा वारा, अतिउष्णता, धुकं असं काही असेल तर आयोजक, पंच, डॉक्टर आणि खेळाडूंचे प्रतिनिधी एकत्र बसतात. वेळ बदलायची, रस्ता बदलायचा की शर्यतच रद्द करायची, हे ठरवतात.

२६ जुलै २०१९ रोजी 'टूर द फ्रान्स'मध्ये अशीच वेळ आली. पुढच्या रस्त्यावर गारांचा खच पडला, दरड कोसळली. पंचांनी शर्यत मध्येच थांबवली आणि इझराँ घाटाच्या माथ्यावर ज्याची जी वेळ होती, तीच धरली. त्या दिवसाचा विजेता कुणालाच ठरवलं नाही. १४ दिवस पिवळा सदरा घालणाऱ्या ज्युलियन अलाफिलिपचा सदरा एगन बर्नालकडे गेला. त्याला वाईट वाटलंच असेल. पण तो माथा सगळ्यांनी आपापल्या पायांनी चढला होता, माप सगळ्यांना एकच होतं. आणि कुणाचा जीव गेला नाही.

आपल्याकडे बर्फ नाही, पण वीज आहे. रोवणीच्या दिवसांत बांधीत वीज पडून बाई दगावल्याची बातमी आपण दरवर्षी वाचतो. मग पोरींना मोकळ्या रस्त्यावर सोडताना धडधडायला नको का?

म्हणून या वेळी आम्ही कागदावर नियम लिहिले. आदल्या दिवशी हवामान खात्याचा इशारा बघायचा. सकाळी पुण्याच्या हवामान विज्ञान संस्थेचं 'दामिनी' अॅप उघडायचं, ते आसपासच्या विजेची सूचना देतं. ढगांचा गडगडाट कानी आला की लाल झेंडा. सगळ्यांनी थांबायचं, सायकल बाजूला ठेवून पक्क्या घरात नाहीतर शाळेत जायचं, झाडाखाली मुळीच नाही. शेवटच्या गडगडाटानंतर तीस मिनिटं झाल्याशिवाय बाहेर यायचं नाही. थांबवायचा निर्णय एकाच बाईने घ्यायचा. पाहुण्यांना घाई असली तरी तिने ऐकायचं नाही.

आता न्यायाचं. दर किलोमीटरला एक जण वही-घड्याळ घेऊन उभी राहील. शर्यत थांबली, तर सगळ्या मुलींनी ओलांडलेल्या शेवटच्या खुणेवरची वेळ धरायची. निम्मी वाटही झाली नसेल तर निकाल नाही, शर्यत दुसऱ्या दिवशी. लाल झेंडा बघूनही जी पुढे जाईल, ती पहिली आली तरी बाद. आणि पडलेल्या मैत्रिणीसाठी जी थांबेल, तिचा तेवढा वेळ तिला परत द्यायचा.

क्रिकेटमध्ये पाऊस आला की घरातले पुरुष डकवर्थ-लुईसचा हिशेब मांडत बसतात. तो पटो न पटो, पण सामना सुरू होण्याआधीच ठरलेला असतो. खेळ सुरू झाल्यावर केलेला नियम कुणाच्या तरी बाजूचा वाटतोच.

गेल्या वर्षीचं बक्षीस आम्ही कुणाकडून परत घेतलं नाही. तसं करणं हाही अन्यायच झाला असता. त्या नववीतल्या मुलीला मात्र मी घरी जाऊन सांगितलं, "बाई, तू चुकली नाहीस, आम्ही चुकलो." ती हसली. यंदा शर्यतीआधी सगळ्या मुलींना आणि त्यांच्या आयांना नियम वाचून दाखवायचं काम तिच्याकडेच दिलंय.

तुमच्या गावात अशी शर्यत ठरेल, तेव्हा बक्षिसं किती हे विचारण्याआधी एक विचारा, "पाऊस आला तर काय ठरलंय?" उत्तर मिळालं नाही तर पोरीला पाठवू नका. आधी नियम लिहायला बसा.