तुमच्या पानाचा सातबारा कुणाच्या नावावर?

हळदीकुंकवाला गेलेली बाई नुसते वाण घेऊन परत येत नाही, हे तुम्हाला सांगायला नको. त्या बैठकीतच कुणाच्या पिशवीतून साड्या निघतात, कुणी घरी कुटलेला मसाला आणलेला असतो, कुणी डब्यांच्या चित्रांचे पुस्तक हातोहात फिरवते. खरेदी होते आणि ती खरेदी वाटतही नाही. या घरगुती विक्रीला आता एक नवी जोड मिळाली आहे. ती म्हणजे विकणाऱ्या बाईचे स्वतःच्या नावाचे, मोबाइलवर दिसणारे पान. कुणी त्याला संकेतस्थळ म्हणते, कुणी वेबसाइट. पान काढणे सोपे आहे. त्यावर माणसे आणणे अवघड. आणि ते पान शेवटी कुणाचे, हा प्रश्न तर बहुतेकींना पडतच नाही. आमच्या घरातल्याच एका अनुभवावरून आज त्याविषयी बोलू.

आमच्या वन्सं माळशिरस तालुक्यात दिलेल्या आहेत. ऊस, थोडे डाळिंब, चार म्हशी असा संसार. घर गावापासून लांब, वस्तीवर. दुपारची जेवणे उरकली, म्हशींना पाणी दाखवून झाले, की तीनच्या सुमारास त्यांच्या ओसरीवर आठ-दहा जणी जमायच्या. वन्सं एका कंपनीचे स्वयंपाकघरातले डबे विकत. विकत म्हणजे काय, तर डब्यात तांब्याभर पाणी ओतायच्या, झाकण दाबायच्या आणि तो डबा कुणाच्या तरी सासूबाईंच्या मांडीवर उलटा धरायच्या. सासूबाई "अगं बाई!" म्हणून मागे सरायच्या, आणि थेंबही गळायचा नाही. एवढे पाहिल्यावर बाईला आणखी काय सांगायचे?

दोन वर्षांनी कंपनी म्हणाली, "तुमच्या नावाचे पान देतो, वर्षाला ठरलेले पैसे भरा." पान झाले. वर वन्संचा फोटो, खाली कंपनीचे डबे. भाच्याचा उत्साह असा की त्याने त्या पानाचा पत्ता चाळीस व्हॉट्सअ‍ॅप गटांत टाकून दिला. भावकी, दहावीची बॅच, दूध संकलन, गणेश मंडळ, काही सुटले नाही. दोन महिने गेले, एक डबा खपला नाही. डाळिंबवाल्यांच्या गटातून तर त्याला काढूनच टाकले. मला विचाराल तर बरोबरच केले. माणूस तिथे तेल्या रोगाची माहिती बघायला येतो, डबे घ्यायला नाही.

मग वन्संनी आपल्या डोक्याने वेगळे करून पाहिले. बैठक संपत आली की चहाच्या आधी त्या म्हणायच्या, "बायांनो, आपापला मोबाइल काढा, माझे पान उघडा. चहा नंतर." ज्यांना जमत नसे त्यांना शेजारची सून उघडून द्यायची. पान एकदा मोबाइलवर उघडले, म्हणजे पुन्हा उघडायची भीती जाते. त्यातून ज्यांची लेक किंवा बहीण शहरात दिलेली असेल, तिला त्या सांगायच्या, "आत्ताच तिला बोलून पाठव." अक्षरे टाइप करून नव्हे, आपल्या आवाजात. "अगं, वस्तीवरच्या काकूंचे पान पाठवले आहे, तो लोणच्याचा डबा बघ, आपल्या घरी मी घेतला." आईच्या आवाजातल्या या एका निरोपाने जे काम केले, ते चाळीस गटांनी केले नव्हते. बाहेरगावची पहिली मागणी पिंपरी-चिंचवडहून आली, शेजारणीच्या लेकीची. पुढे तिनेच आपल्या इमारतीतल्या तिघींना पान दाखवले.

पत्त्याची गंमत सांगते. कंपनीने दिलेला पत्ता वीतभर लांब, मध्ये आडव्या रेघा, शेवटी आकडे. फोनवर सांगायला गेले की अर्ध्यातच ऐकणारी कंटाळायची. तुम्ही पत्ता ठरवाल तेव्हा एक परीक्षा घ्या. शेजारच्या पोराला तो नुसता तोंडाने सांगा आणि टाइप करायला लावा. पहिल्या खेपेला त्याला जमले तर पत्ता चांगला, नाहीतर आखूड करा. देवनागरीत लिहायचा '.भारत' हा पत्ताही मिळतो, २०१४ पासून त्याची सोय आहे. पण आपल्या गिऱ्हाइकांना मोबाइलवर मराठी टाइप करायची सवय आहे की नाही, ते आधी बघा.

त्यापेक्षा सोपा उपाय म्हणजे क्यूआर कोड, तो काळ्या ठिपक्यांचा चौकोन. वन्संनी तो चिठ्ठ्यांवर छापून घेतला आणि प्रत्येक डब्यात एक चिठ्ठी टाकली. तरी कुणी तो उघडेना. महिनाभराने कारण कळले. किराणा दुकानापासून वडापावच्या गाडीपर्यंत तसला चौकोन पैसे देण्यासाठी लावलेला असतो. बायांना वाटे, यावर मोबाइल धरला की खात्यातले पैसे जातील! तेव्हा वन्संनी चौकोनाखाली ठळक अक्षरांत छापले, "हे पैशांचे नाही, डबे बघण्याचे आहे." मग चिठ्ठ्या कामाला लागल्या. छापण्याआधी तीन निरनिराळ्या मोबाइलवर तो उघडून बघायला मात्र विसरू नका. आणि ओघात आले म्हणून सांगते. मागणी नोंदवायच्या निमित्ताने कुणी म्हणाले, "तुम्हाला पैसे पाठवतो, हा कोड स्कॅन करा, पिन टाका," तर फोन ठेवून द्या. पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही, तो देण्यासाठीच लागतो.

असे सगळे सुरळीत चालले असताना संक्रांतीच्या तोंडावर एक दिवस पान उघडेना. वन्संना वाटले रेंज नाही, म्हणून त्या माळावर जाऊन आल्या. पान नव्हतेच. कंपनीने त्या भागातले काम आवरते घेतले होते, करार संपवला होता आणि आठ दिवसांत पान बंद केले होते. वाणासाठी छोट्या डब्यांच्या मागण्या त्या पानावर येऊन पडलेल्या. कुणी मागितल्या, किती मागितल्या, काही कळायला मार्ग नाही. नव्याने छापलेल्या पाचशे चिठ्ठ्या वाया गेल्या, आणि जिथे चिठ्ठी पोचली होती तिथल्या बायका म्हणू लागल्या, "काकूंनी धंदा बंद केला वाटतं." फोनवर सांगताना वन्संचा आवाज भरून आला होता. "वहिनी, माझाच फोटो होता हो त्याच्यावर," त्या म्हणाल्या.

फोटो त्यांचा होता. जमीन मात्र खंडाची होती.

घरगुती बैठकीत कंपनीचा माल विकण्याची रीत अमेरिकेत चांगली रुळली, आणि तिच्या इतिहासातही हीच गोष्ट आहे. अर्ल टपर नावाच्या गृहस्थाने प्लॅस्टिकची घट्ट झाकणाची भांडी काढली आणि १९४६ पासून ती दुकानांत ठेवली. खपेनात. झाकण दाबून आतली हवा काढायची असते, हे दुकानात दाखवणार कोण? ब्राउनी वाइज नावाची एक घटस्फोटित बाई, पदरात एक मुलगा, ती मात्र हीच भांडी घरोघरी बैठका भरवून भराभर विकत होती. भरलेले भांडे खोलीच्या या टोकाकडून त्या टोकाला फेकून ती दाखवी. टपरने १९५१ मध्ये दुकानांतली विक्री थांबवली आणि घरगुती विक्रीची उपाध्यक्ष म्हणून तिला नेमले. १९५४ मध्ये 'बिझनेस वीक' या मासिकवजा साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर तिचे चित्र आले. त्या जागी येणारी ती पहिली स्त्री. आणि १९५८ च्या जानेवारीत तिला काढून टाकले. हातात साधारण एका वर्षाचा पगार, कंपनीचा एकही शेअर नाही. त्याच वर्षी टपरने कंपनी एक कोटी साठ लाख डॉलरना विकली. बायकांची एवढी फौज तिने उभी केली, पण कागदावर तिच्या नावे काही नव्हते. ती टपरवेअर कंपनी १९९६ मध्ये आपल्या देशात आली, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकेतल्या मूळ कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. वन्संची कंपनी ही नव्हे, दुसरीच. पण एवढी मोठी कंपनीही कायमची धरून चालता येत नाही, एवढ्यासाठी सांगितले.

वन्संना तारले ते एका शाळेच्या दोनशे पानी वहीने. प्रत्येक बैठकीत कोण आले, गाव कोणते, नंबर काय, लेक कुठे दिली, काय घेतले, हे त्या पहिल्या दिवसापासून लिहून ठेवत. भाचा हसायचा. संक्रांतीच्या आधी चार दिवस त्याच वहीतून त्याने एकेकीला फोन लावले आणि बहुतेक मागण्यांचा शोध लागला. गिऱ्हाइकांची नावे कंपनीच्या पानात ठेवू नका असे मी म्हणत नाही, पण एक प्रत घरात असू द्या. आणि ती वही दुसऱ्या कुणाला देऊ नका, विकू तर मुळीच नका. बायांनी नंबर तुमच्यावर विश्वास ठेवून दिलेले असतात.

उन्हाळ्यात नवे पान काढायचे ठरले. भाच्याच्या मित्राने ते एका दुपारी करून दिले. पण त्याने पत्त्याची नोंदणी स्वतःच्या ईमेलवर आणि स्वतःच्या मोबाइल नंबरवर केली होती. पोरगा चांगला, मनात काही नाही. तरी उद्या त्याला पुण्याला नोकरी लागली, नंबर बदलला, तर? वन्संनी विचारले, "म्हणजे सातबारा तुझ्या नावावर आणि पेरणी माझी?" पोराने हसत हसत सगळे त्यांच्या नावावर करून दिले. तुमच्या घरीही कुणी असे पान काढून दिले असेल तर एवढे तीन प्रश्न आज विचाराच. पत्ता कुणाच्या नावावर नोंदला आहे? पासवर्ड कुणाजवळ आहे? ओटीपी कुणाच्या मोबाइलवर येतो? पत्त्याचे भाडे वेळेवर भरावे लागते. मुदत टळून गेली तर तोच पत्ता उद्या दुसरा कुणी घेऊ शकतो.

कंपनीचा माल विकत असाल तर मात्र स्वतःच्या पानावर मनाला येईल ते लिहिता येत नाही. थेट विक्रीचे नियम केंद्र सरकारने डिसेंबर २०२१ मध्ये लागू केले आहेत. कंपनीने मान्य न केलेला मजकूर विक्रेत्याने गिऱ्हाइकाला द्यायचा नाही, कंपनीने न केलेला दावा करायचा नाही, ओळखपत्राशिवाय आणि आधी विचारल्याशिवाय कुणाच्या घरी विकायला जायचे नाही, असे त्यात आहे. स्वतःचे पान काढण्याबद्दल तुमच्या करारात काय म्हटले आहे, ते आधी वाचून घ्या. "माणसे जोडा, पैसे मिळवा" एवढेच ज्याचे सांगणे असेल आणि माल नावालाच असेल, तो धंदा बेकायदेशीर आहे. त्याचे पान तर काढूच नका. तक्रार करायची असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५.

वन्संनी डबे विकणे आता कमी केले. त्यांच्या पानावर शेंगदाण्याची चटणी आहे, सांडगे आहेत, कुरडया आहेत. खायच्या वस्तू विकायच्या म्हणून अन्नसुरक्षेची नोंदणी करून घेतली आणि तिचा क्रमांक पानावर व पाकिटावर घातला. फोटो सकाळच्या उन्हात, स्वच्छ पांढऱ्या धोतरावर पाकीट ठेवून भाच्याने काढले. फोटो लहान करून टाकले, म्हणजे रेंज कमी असली तरी पान लवकर उघडते. वजन, किंमत, पोचवायचा खर्च, मागणी कुठल्या वारी घेतली जाते, सगळे वरच लिहिले आहे. "सर्वोत्कृष्ट", "एकमेव" असले शब्द मी काढायला लावले. चटणीत लसूण आहे की नाही, हे लिहिलेले गिऱ्हाइकाला जास्त उपयोगी.

एक चूक मात्र झाली. बैठकीचा एक छान फोटो त्यांनी न विचारता पानावर टाकला. त्यात शेजारची नवी सून पदर न घेता हसताना दिसत होती. दोन दिवस दोन घरांत बोलणे बंद. फोटो काढला, वन्सं स्वतः जाऊन चटणीचे पाकीट देऊन आल्या, तेव्हा मिटले. आता कुणाचाही फोटो घेण्याआधी त्या विचारतात, आणि बहुतेकींचे उत्तर असते, "थांबा, जरा साडी बदलून येते."

ओसरीवरची बैठक अजून भरते. चटणी आधी भाकरीच्या तुकड्याबरोबर हातावर मिळते, मग मोबाइल निघतात, मग चहा. पानावर येणारी नवी बाई बहुधा कुणाची तरी लेक, नाहीतर नणंद असते. परवा गेले तेव्हा भिंतीवरच्या दिनदर्शिकेत एका तारखेभोवती तांबडा गोल दिसला. मला वाटले सोसायटीच्या कर्जाचा हप्ता असेल. वन्सं म्हणाल्या, "तो खालचा गोल. वरचा पानाच्या भाड्याचा."