न दिसणारं अक्षर
(जुना डेस्कटॉप, नवं काम : भाग 6)

विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 ही सुरक्षेची सोय लागते, आणि परभणी जिल्ह्यातल्या ऑनलाइन सेंटरांत, टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये, शाळांत जे डेस्कटॉप आहेत त्यांतल्या बऱ्याच मशीनमध्ये ती नाही. मशीन धडधाकट आहे, रोज सातबारा काढतं, अर्ज भरतं; पण पुढची विंडोज त्याच्यावर बसत नाही. अशा मशीनवर उबुंटू 24.04 कसं टाकायचं ते आपण पाहिलं आणि मागच्या भागात मराठी टायपिंगसाठी पाच-सहा ओळींची एक स्क्रिप्ट तयार केली. आज बोलायचं ते ती स्क्रिप्ट फसते त्याबद्दल.

स्क्रिप्ट म्हणजे आपण टर्मिनलमध्ये एकेक करून दिल्या असत्या त्या आज्ञा एका फाइलमध्ये ओळीने लिहिलेल्या. वाचणारा बॅश नावाचा प्रोग्राम. त्याची एक सवय आधी लक्षात घ्या: एखादी आज्ञा फसली तरी तो थांबत नाही, पुढची ओळ घेतो. दुसऱ्या ओळीत बिघडलं तरी शेवटच्या ओळीतला 'काम पूर्ण झाले' हा संदेश तो इमानेइतबारे छापतो. त्यामुळे पडद्यावरची शेवटची ओळ कशाचाच पुरावा नसते. वर सरका, पहिली एरर जिथे आली तिथे जा. खालच्या बहुतेक एरर त्या पहिलीच्याच पोटातून आलेल्या असतात.

सेलूकडच्या एका सेंटरचालकाचा फोन याच कारणासाठी होता. "सर, पूर्ण झालं म्हणतंय, पण मराठी काही टाइप होईना. फॉरमॅट मारू का?" फॉरमॅट मारणं हा आपल्याकडचा रामबाण. मशीन थोडं अडखळलं की लगेच नवीन विंडो मारायची. त्यात दिवस जातो, ग्राहकांच्या स्कॅन केलेल्या फाइली जातात, आणि कारण कळलेलं नसल्यामुळे बिघाड पुन्हा तिथेच उभा राहतो. म्हणून मी त्यांना पडद्याचा फोटो पाठवायला सांगितलं.

फोटोत पहिली एरर होती: इनव्हॅलिड ऑपरेशन अपडेट. 'अपडेट' ही तर उबुंटूची रोजची आज्ञा. तिला अवैध म्हणायचं कारण काय? त्याखाली फॉन्ट्स-लोहित-देवा हे पॅकेज सापडत नाही, असं. लोहित देवनागरी हा उबुंटूच्या भांडारात असलेला फॉन्ट, आणि नावाचं स्पेलिंगही बरोबर. त्याच ओळीत आधी मराठी कीबोर्डचं पॅकेज होतं, त्याबद्दल तक्रार नव्हती. पण ओळीतलं एक पॅकेज सापडलं नाही तर त्या आज्ञेतलं काहीच बसत नाही, म्हणून कीबोर्डही नाही. आता मी तीच आज्ञा फाइलमधून न देता टर्मिनलमध्ये हाताने टाइप करायला सांगितली. निमूट चालली. नेट ठीक, पॅकेज ठीक, मशीन ठीक. म्हणजे दोष फाइलमध्येच. आणि तक्रार दर वेळी ओळीतल्या शेवटच्याच शब्दाबद्दल होती, ही दुसरी खूण.

त्यांनी स्क्रिप्टचा मजकूर दुकानातल्या विंडोज मशीनवर नोटपॅडच्या नव्या फाइलमध्ये पेस्ट करून सेव्ह केला होता आणि पेनड्राइव्हने उबुंटूवर आणला होता. गोम तिथे आहे.

ज्यांनी लोखंडी टाइपरायटरवर टायपिंगची परीक्षा दिली आहे त्यांना हे पटकन कळेल. ओळ संपली की डाव्या बाजूची दांडी ढकलायची. तिने दोन कामं व्हायची: रूळ फिरून कागद एक ओळ वर सरकायचा, आणि कॅरेज ओळीच्या सुरुवातीला यायचं. टेलिप्रिंटरमध्ये ही दोन कामं दोन वेगळ्या संकेतांनी करावी लागत. 1963 च्या आस्की संकेतावलीत त्यांना आकडे मिळाले: कॅरेज रिटर्नला 13, लाइन फीडला 10. 1969 मध्ये बेल लॅब्समध्ये सुरू झालेल्या युनिक्सने ओळ संपवायला फक्त 10 पुरे मानलं. लिनक्स त्याच वाटेचं. 1981 मध्ये आलेल्या एमएस-डॉसने 13 आणि 10 दोन्ही ठेवले आणि विंडोजने ते पुढे चालवले. कॅरेज गेलं, रूळ गेला, पण विंडोजमध्ये लिहिलेल्या साध्या फाइलीच्या प्रत्येक ओळीअखेर तो 13 अजून बसलेला असतो. पडद्यावर तो दिसत नाही. बॅशला मात्र तो शब्दाचाच भाग वाटतो. त्याच्या लेखी ती आज्ञा 'अपडेट' नव्हतीच, 'अपडेट' अधिक एक अक्षर होती, आणि अशी आज्ञा खरोखरच अस्तित्वात नाही.

हे डोळ्यांनी बघता येतं. टर्मिनलमध्ये कॅट, स्पेस, हायफन, कॅपिटल ए, स्पेस आणि फाइलचं नाव द्या. प्रत्येक ओळीच्या शेवटी नुसतं डॉलरचं चिन्ह दिसलं तर फाइल ठीक. डॉलरच्या आधी छोटी टोपी आणि कॅपिटल एम दिसला तर तोच आपला 13. तो काढायला डॉस-टू-युनिक्स हे छोटं पॅकेज आहे. त्याच्या नावात 'टू' इंग्रजी आकड्याने लिहितात, मध्ये जागा नाही. ते हाताने आज्ञा देऊन बसवा आणि त्याला फाइलचं नाव द्या. काम क्षणात होतं. नंतर स्क्रिप्ट पुन्हा चालवा आणि होम फोल्डरमध्ये बघा: स्क्रिप्टने तिथे फोल्डर बनवलं असेल तर आता एकाच नावाची दोन दिसतील. एकाच्या नावाला ते न दिसणारं अक्षर चिकटलेलं आहे. दोन्ही उघडून, जे रिकामं ते काढून टाका.

आणखी दोन कारणं थोडक्यात. इन्स्टॉल चालू असताना लाइट गेली, यूपीएसही बसला, तर पुढच्या वेळी डीपीकेजी हा पॅकेज बसवणारा प्रोग्राम अर्धवट थांबल्याचा संदेश येतो. दुरुस्तीची आज्ञा त्याच संदेशात छापलेली असते. ती जशीच्या तशी द्या. आणि 'लॉक मिळत नाही' असं आलं तर मशीन बहुधा आपणहून अपडेट घेत असतं. वाट पाहा. ती लॉकची फाइल पुसून टाकण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, तो ऐकू नका. दोन इन्स्टॉल एकाच वेळी पॅकेजच्या नोंदींत लिहू लागले तर नोंदी खराब होतात, आणि मग खरोखरच फॉरमॅटची पाळी येऊ शकते.

स्क्रिप्ट स्वच्छ झाली की पहिल्या ओळीखाली एक ओळ वाढवा: सेट, स्पेस, हायफन, स्मॉल ई. मग आज्ञा फसली की बॅश तिथेच थांबेल आणि 'काम पूर्ण झाले' हे काम पूर्ण झाल्यावरच छापलं जाईल.